तळटीप चौदा

एप्रिलचा अंक जुलैतही निघाला नाही,
म्हणून जुलैच्याला आम्ही जोडअंक म्हटलं,
मग ऑक्टोबरही त्याच गाडीत बसवला.
वर्ष अठरावे, अंक एक-दोन-तीन.

‘खापर’ हे नाव सुलभाताई रोडग्यांनी ठेवलेलं.
नांगर घातला की आधी तेच लागतं, म्हणायच्या,
आणि चूक झाली की तेच फोडायचं असतं.
अठरा वर्षं माझ्याच डोक्यावर फुटलं.
पगार कुणालाच नाही. चहा मुनीरच्या प्रेसवर,
तोही चैतापासून बंद.

बैठका फोनवर.
जिंतूरचे नळगीरकर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायचे,
वारा त्यांचं अर्धं मत घेऊन जायचा,
उरलेल्या अर्ध्यावर आम्ही ठराव करायचो.

मुंजाजी गिराम यांचा लेख मार्चमध्येच आलेला,
हातानं लिहिलेला, समासात पेन्सिलीचे आकडे,
भूमापन खात्यातली सवय:
‘दुधनाकाठच्या बारवा: मोजमाप आणि नोंदी’.
नियमाप्रमाणे मी नाव झाकलं,
पत्त्यावर पांढरी पट्टी लावली,
झेरॉक्स दोन परीक्षकांना.
पहिल्याचं उत्तर एक ओळ: छापावा.
दुसऱ्याचं सप्टेंबरात आलं, साडेतीन पानं,
कुणाचंच ऐकून न घेणाऱ्या अक्षरात.
‘तळटीप चौदा अपुरी आहे.
पाहा, असं लिहून लेखक थांबतो. काय पाहायचं?
शिवाय बोरटाकळीच्या बारवेला पायऱ्या
एकदा एकतीस, एकदा तेहतीस.
लेखकाला विचारावे.’

लेखक ऑगस्टात परभणीच्या दवाखान्यात गेले होते.
आत जाताना पिशवीत टेप होता, मोजायचा,
तो सुनेला परत मिळाला.

परीक्षकाला लेखक कोण ते सांगायचं नसतं.
मग लेखक नाही, हे कोणत्या नियमानं सांगू?
‘खुलाशाची गरज नाही’ असं लिहिलं, फाडलं.
‘लेखकाशी संपर्क होऊ शकत नाही.’
खोटं नव्हतं, तेच पाठवलं.
उलट टपाली कार्ड आलं.
अक्षर तेच, पण या खेपेला जरा खाली उतरलेलं:
‘पाहा, तसंच राहू द्यावं.’

मुनीर म्हणाला, ताई, पाहाच्या पुढं काय टाकू?
मोकळं दिसायलंय.
म्हणलं, मोकळंच टाक.

दोनशे चाळीस प्रती.
ओट्यावर मी आणि लेक खळीनं वेष्टनं चिकटवत बसलो.
तिनं वहीतला रकाना वाचला, विचारलं,
आजीव म्हणजे कुणाच्या जिवापर्यंत?
वर्गणीदाराच्या, की अंकाच्या?
घटनेत लिहिलेलं नाही, म्हटलं,
आणि एक वेष्टन उलटं चिकटवलं.

एकोणीस अंक परत आले.
पोस्टमन सटवाजी दारापासून लांब, दगडाखाली ठेवून जायचा,
प्रत्येकावर लाल शाईत एक शब्द, मयत.
मी नावं खोडली नाहीत.
शेजारी तारीख घातली, पेन्सिलीनं.
तीन ठिकाणी तारीखही माहीत नव्हती.

विसाव्या अंकावर असं काही आलं नाही.
फेब्रुवारीत बोरटाकळीहून पत्र आलं,
वहीचं पान, बारावीचा पोरगा, कॉलेज बंद.
‘अंक माझ्या आजोबांच्या नावानं येतो.
आजोबा वारले. पोस्टमनला मी सांगितलं नाही,
नाहीतर अंक परत गेला असता.
मी बारवेत उतरून मोजलं.
सध्या एकतीस दिसतात.
काठीनं चाचपलं, पाण्याखाली अजून दोन आहेत.
म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत.
वर्गणी किती?’

पत्र दोनदा वाचलं.
मग नियमाप्रमाणे पोराच्या नावावर
पांढरी पट्टी लावली
आणि झेरॉक्स दुसऱ्या परीक्षकांना पाठवली.